रोज सकाळचं लाकूड

पवित्र शास्त्रातल्या, म्हणजे बायबलमधल्या, लेवीय या पुस्तकात आनंदाने शिरणारा माणूस विरळा. एक जानेवारीला उत्पत्तीपासून जोमात सुरू केलेलं वर्षभराचं पवित्र शास्त्राचं वाचन बहुतेकांचं इथेच रुततं. आठवड्याचे सहा दिवस तीन-तीन अध्याय आणि रविवारी पाच, हा हिशेब धरला तर ५२ आठवड्यांत सगळे १,१८९ अध्याय होतात, वर सातांची सवडही मिळते. पण याच हिशेबाने जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात आपण यज्ञ, चरबी, रक्त आणि राख यांच्या वर्णनात येऊन पोचतो, आणि पुस्तक मिटतं ते मिटतंच.

त्याच अवघड जागी, सहाव्या अध्यायात, एक अगदी घरगुती नियम आहे. वेदीवरचा अग्नी विझू द्यायचा नाही. याजकाने रोज सकाळी त्यावर लाकूड रचायचं. तीन अध्याय पुढे गेलं की परमेश्वरासमोरून अग्नी निघतो आणि वेदीवरचा होमबली, म्हणजे जाळून अर्पण करायचा बळी, भस्म होतो. लोक ओरडतात, पालथे पडतात. हा दुसरा प्रसंग सगळ्यांच्या लक्षात राहतो. लाकडाचा नियम कोणी लक्षात ठेवत नाही. अग्नी वरून आला तरी लाकूड खालच्यांनीच आणायचं, असा त्या दोन अध्यायांचा एकत्र अर्थ निघतो.

पेंटेकॉस्टल, म्हणजे पवित्र आत्म्याच्या प्रत्यक्ष अनुभवावर भर देणारी ख्रिस्ती मंडळी, ही अग्नीबद्दल बोलणारी मंडळी. रविवारी सकाळी हॉलमध्ये खंजिरी, ढोलकी, ऑक्टोपॅड, टाळ्या. मग सूर उतरत उतरत आराधनेला येतो, डोळे मिटतात, हात वर जातात, कोणी अन्य भाषेत, म्हणजे न शिकलेल्या, आत्म्याने दिलेल्या मानल्या जाणाऱ्या भाषेत, बोलू लागतं, कोणी रडतं. नवीन आलेल्याला वाटतं, हेच ते. तीन महिने तो या लाटेवर तरंगतो, आणि चौथ्या महिन्यात एकतर कंटाळतो किंवा 'जास्त अभिषेक' असलेली दुसरी मंडळी शोधू लागतो. त्याला अग्नी दिसलेला असतो. लाकडं कोण, कुठून, किती वाजता आणतं, हे त्याला कोणी दाखवलेलंच नसतं.

याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण शोधायला मराठी माणसाला लांब जावं लागत नाही. या चळवळीचा इतिहास सांगताना बहुतेक जण अमेरिकेतल्या टोपेकापासून, १९०१ पासून सुरुवात करतात आणि लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवर, १९०६ मध्ये येऊन थांबतात. मधलं १९०५ पुणे–दौंड लोहमार्गावरच्या केडगावात आहे. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात दुष्काळातून आणलेल्या मुली, बालविधवा, टाकून दिलेल्या बायका राहत होत्या. त्या वर्षी जानेवारीत रमाबाईंनी रोज प्रार्थनेला बसणाऱ्या मुली मागितल्या, तेव्हा सत्तरेक जणी पुढे आल्या. जूनपर्यंत हा आकडा ५५० वर गेला, आणि बैठक दिवसातून दोनदा होऊ लागली. २९ जूनच्या पहाटे एका मोठ्या मुलीला आपल्यावर आग उतरल्याचा अनुभव आला. शेजारची मुलगी घाबरून पाण्याची बादली आणायला धावली आणि ती ओतणार एवढ्यात तिला कळलं, की ही आग बादलीने विझणारी नाही. दुसऱ्या दिवसापासून सगळं सदन रडत, पापं कबूल करत, एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करू लागलं.

ही बादलीची गोष्ट मंडळ्यांमधून आवडीने सांगितली जाते, आणि ती आहेच तशी. पण जानेवारी ते जून या पाच महिन्यांबद्दल कोणी संदेश, म्हणजे प्रवचन, देत नाही. त्या पाच महिन्यांत पहाटे उठणं होतं, थंडी होती, मग केडगावचा उन्हाळा होता, शेकडो मुलींचं दळण-कांडण आणि स्वयंपाक होता, आणि त्यातून दोन वेळा प्रार्थनेला जाऊन बसणं होतं. मुक्तीत काम करणाऱ्या मिनी अब्राम्स यांनी १९०६ मध्ये या अनुभवावर एक पुस्तिका लिहिली. ती त्यांनी चिलीतल्या आपल्या जुन्या वर्गमैत्रिणीला, मे हूवर यांना पाठवली, आणि १९०९ मध्ये वालपाराइसोच्या मेथडिस्ट मंडळीत जे घडलं, त्यातून चिलीतली पेंटेकॉस्टल चळवळ उभी राहिली. दक्षिण अमेरिकेच्या टोकापर्यंत पोचलेल्या त्या ठिणगीमागे केडगावातली ती रोजची बैठक आहे.

तेव्हा आधी लाकडाचं, म्हणजे रोजच्या सवयींचं, बोलू.

वैयक्तिक प्रार्थनेची सवय लावताना सगळ्यात मोठी चूक वेळेच्या लांबीत होते. संदेशात 'पहाटे चारला उठून दोन तास' असं ऐकून माणूस सोमवारी चारचा गजर लावतो. सोमवार, मंगळवार जातो, गुरुवारी ऑफिसात डुलक्या लागतात, शनिवारी गजर बंद होतो आणि रविवारी मन खात राहतं. त्यापेक्षा पंधरा मिनिटं घ्यावीत आणि ती रोजच्या एखाद्या ठरलेल्या कामाला बांधून टाकावीत. नळाला पाणी येऊन गेल्यावर, किंवा सकाळचा पहिला चहा झाल्यावर, किंवा डबे भरून झाल्यावर. 'सकाळी कधीतरी' ही वेळ नव्हे. जागाही एकच: तीच खुर्ची, तीच खिडकी, दहा बाय दहाच्या खोलीत तोच कोपरा. ज्यांच्या घरात तोही मिळत नाही ते गच्चीवर, जिन्यात किंवा स्टेशनवरच्या बाकावर बसतात. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात खोलीचं दार लावून घ्यायला सांगितलं आहे. चाळीत डोक्यावरून पदर घेतला की दार लागतं.

पंधरा मिनिटांची वाटणी साधारण अशी टिकते: दोन मिनिटं गप्प, पाच मिनिटं वाचन, पाच मिनिटं प्रार्थना, तीन मिनिटं लिहिणं. मोबाइल दुसऱ्या खोलीत. पवित्र शास्त्र ॲपवर वाचायला हरकत नाही, पण वाचता वाचता वरून मेसेजची पट्टी सरकते आणि पाच मिनिटं तिथेच जातात, म्हणून निदान पहिले तीन महिने छापील प्रत बरी. नवख्याने उत्पत्तीपासून सुरू करू नये. मार्ककृत शुभवर्तमान सोळा अध्यायांचं. रोज एक, दोन आठवडे आणि दोन दिवस. त्यानंतर प्रेषितांची कृत्ये, २८ अध्याय, कारण पेंटेकॉस्टल मंडळीत जे काही पाहायला मिळतं त्याचा मूळ संदर्भ तिथे आहे. पूर्ण नवा करार २६० अध्यायांचा, म्हणजे आठवड्याचे पाच दिवस एकेक अध्याय वाचला तर बरोबर एक वर्ष, आणि शनिवार-रविवार मागे पडलेलं भरून काढायला मोकळे. नीतिसूत्रांचे ३१ अध्याय तारखेप्रमाणे वाचणारे पुष्कळ आहेत. चौदा तारखेला चौदावा. ही युक्ती चांगली, कारण एक दिवस चुकला तर काही मागे राहत नाही.

आणि एक गोष्ट टाळावी. डोळे मिटून पुस्तक उघडायचं, बोट ठेवायचं आणि तिथलं वचन आजचं म्हणून घ्यायचं. ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत वर्षाचं वचन छापलेलं कार्ड वाटतात, घरोघरी दाराशी ते चिकटवलेलं असतं. त्यात वाईट काही नाही. पण ते कार्ड म्हणजे अख्ख्या अध्यायातून कापून काढलेली एक ओळ. 'मी तुला शेपूट नव्हे तर मस्तक करीन' हे वचन ज्या अध्यायात आहे त्याच अध्यायात पुढे शापांची लांबलचक यादी आहे, ती कोणत्याच कार्डावर छापत नाहीत. कार्ड ठेवा, पण त्या आठवड्यात तो अध्याय पूर्ण वाचा.

लिहिण्यासाठी साधी शंभर पानी वही पुरते. मध्ये उभी रेघ. डावीकडे तारीख आणि मागणं, उजवीकडे त्याचं काय झालं आणि कधी. मागणं नेमकं लिहावं. 'सगळ्यांना आशीर्वाद दे' याचं उत्तर आलं की नाही हे कोणालाच कळणार नाही. उजवीकडे 'नाही' हेही उत्तर लिहायचं, आणि रिकामी जागा रिकामी ठेवायची. वर्षभराने ती वही वाचणं कोणत्याही संदेशापेक्षा जास्त शिकवतं, हे वही ठेवणाऱ्यांनाच माहीत.

संध्याकाळची कौटुंबिक प्रार्थना मराठी ख्रिस्ती घरांमध्ये पेंटेकॉस्टल चळवळीच्या आधीपासून आहे. एक गीत, दहा ओव्या वाचन, एकाची प्रार्थना, प्रभूची प्रार्थना सगळ्यांनी मिळून. बारा मिनिटांत आटोपते. ती बिघडते दोन कारणांनी. एक, वडील प्रार्थनेतच मुलांची खरडपट्टी काढतात: 'प्रभू, हा अभ्यास करत नाही, याला बुद्धी दे.' मुलं डोळे मिटून ऐकतात आणि पुढच्या वर्षी क्लासची वेळ बरोबर प्रार्थनेच्या वेळेला घेतात. दुसरं कारण मालिका.

उपासाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण इथे आपलं मराठीपण आडवं येतं. आपल्याकडे उपास म्हणजे साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, शेंगदाण्याची आमटी. एकादशी अन् दुप्पट खाशी. मंडळीत 'शुक्रवारी उपास-प्रार्थना' म्हणतात तेव्हा सहसा फक्त पाणी असा अर्थ असतो. नवख्याने एक जेवण सोडून सुरुवात करावी: रात्री जेवावं, सकाळी काही न घेता दुपारी दोनपर्यंत राहावं, आणि जेवणाची वाचलेली वेळ प्रार्थनेला द्यावी. ती वेळ मोबाइलला दिली तर तो डाएट झाला. महिनाभर हे जमलं की पूर्ण दिवस. दुपारी अकराच्या सुमारास डोकं ठणकायला लागतं ते बहुतेकदा भुकेने नव्हे, चहा चुकल्याने. दिवसाला चार कप घेणाऱ्याने तीन-चार दिवस आधीपासून एकेक कप कमी करत यावं. पाणी सोडू नये. संध्याकाळी उपास सोडताना वडापाव, मिसळ, बिर्याणी यांपैकी काहीही रिकाम्या पोटी पडलं तर रात्र पित्तात जाते. आधी ताक किंवा भाताची पेज, अर्ध्या तासाने मऊ खिचडी. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणारे, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, जठरव्रणाचे रुग्ण यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास करू नये. जानेवारीत २१ दिवसांचा उपास जाहीर झाला की लाजेकाजेस्तव नाव देणारे असतात. त्यांच्यासाठी यशयाचा अठ्ठावन्नावा अध्याय आहे. तिथे देवाला आवडणारा उपास म्हणजे भुकेल्याला भाकरी वाटून देणं.

औषधांचा विषय निघालाच आहे तर तो इथेच संपवू. आजाऱ्यांवर हात ठेवून प्रार्थना करणं हा या मंडळीचा गाभा आहे आणि ते कोणी सोडू नये. पण प्रार्थना झाली म्हणून गोळी बंद करणं हा विश्वास नव्हे. क्षयरोगाचं औषध किमान सहा महिने चालतं. दोन महिन्यांत खोकला जातो, वजन वाढतं, माणूस मंडळीत साक्ष देतो, म्हणजे बरा झाल्याचं सगळ्यांसमोर सांगतो, आणि औषध सोडतो. मग रोग परत येतो तो त्याच औषधाला न जुमानणारा होऊन, आणि त्याच्या शेजारी बसलेल्यांनाही धरतो. फिट येणाऱ्या मुलीला, बाळंतपणानंतर खचलेल्या बाईला भूत लागलंय म्हणून रात्र रात्र बसवून ठेवतात, हे तर त्याहून वाईट. साक्षीचा साधा नियम असावा: आधी डॉक्टरांचा रिपोर्ट, मग माइक. जी मंडळी हा नियम पाळते तिथल्या साक्षी कमी असतात, पण पाच वर्षांनी कोणी त्यांच्याबद्दल कुजबुजत नाही.

आता अन्य भाषा. अनेक पेंटेकॉस्टल संघटना, उदाहरणार्थ १९१४ साली स्थापन झालेली असेंब्लीज ऑफ गॉड, पवित्र आत्म्याच्या बाप्तिस्म्याची, म्हणजे आत्म्याने भरून जाण्याची, पहिली खूण म्हणून अन्य भाषा मानतात. त्यांच्या १९१६ च्या विश्वासपत्रकातच ते आहे. मुक्तीत रमाबाईंनी अन्य भाषांना नाकारलं नाही, पण हीच एकमेव खूण असा आग्रहही धरला नाही. दोन्ही भूमिका आजच्या मराठी मंडळ्यांमध्ये आढळतात आणि नव्याने येणाऱ्याने आपली मंडळी यातलं काय मानते हे पाळकांना सरळ विचारून घ्यावं. त्याने पुढचा पुष्कळ मनस्ताप वाचतो. कारण गोंधळ होतो तो इथेच. वेदीजवळ बोलावतात, खांद्यावर हात, कानाशी 'बोल, बोल, सोड जीभ', 'हल्लेलुया' भरभर म्हणायला लावतात, आणि पाऊण तासाने थकून माणूस काहीतरी बोलतो. सगळे टाळ्या वाजवतात. घरी जाताना त्याला कळत नाही, की हे देवाने दिलं की आपणच काढलं. ज्याला काहीच येत नाही तो दुसऱ्या रांगेतला विश्वासी होऊन बसतो. करिंथकरांस पहिल्या पत्राचा बारावा ते चौदावा असे तीन अध्याय सलग वाचले तर यातली निम्मी भीती जाते. सगळेच अन्य भाषा बोलतात काय, असा प्रश्न ते पत्र लिहिणारा पौलच विचारतो. सभेत दोघांनी, फार तर तिघांनी, तेही एकामागून एक बोलावं आणि कोणी अर्थ सांगावा. अर्थ सांगणारा नसेल तर गप्प राहून स्वतःशी आणि देवाशी बोलावं, असा आकड्यासकट नियम आहे. एकांतात मात्र या भाषेवर वेळेचं किंवा संख्येचं बंधन त्याने घातलेलं नाही. ज्यांना हे दान आहे असे जुने विश्वासी बहुधा त्याबद्दल फार बोलत नाहीत. शब्द सुचत नाहीत अशा वेळी, आजाऱ्याच्या उशाशी, लोकलच्या दारात, ते ओठांतल्या ओठांत चालू असतं.

संदेष्ट्याचं वचन, म्हणजे 'प्रभू मला तुझ्याविषयी असं दाखवतोय', हे ऐकायला गोड आणि वागवायला जड. ते लागलीच लिहून ठेवावं, तारखेसह, ज्या शब्दांत सांगितलं त्याच शब्दांत. मग दोन वडीलधाऱ्या विश्वासी माणसांना दाखवावं, आणि थांबावं. लग्न, नोकरी सोडणं, घर विकणं यांतला कोणताही निर्णय निव्वळ अशा वचनावर घेऊ नये. थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रात संदेष्ट्यांच्या संदेशांचा धिक्कार करू नका आणि सगळ्याची पारख करा, ही दोन वाक्यं लागोपाठ आहेत.

मंडळी निवडण्यासाठी एक रविवार पुरत नाही. सलग पाच-सहा रविवार जावं, मधल्या रांगेत बसावं, आणि व्यासपीठाकडे कमी, आजूबाजूला जास्त पाहावं. उपासना अडीच-तीन तास चालते. संपल्यावर लोक लगेच पांगतात की सतरंज्या गुंडाळता गुंडाळता एकमेकांची चौकशी करतात? पाळकांना प्रश्न विचारलेला चालतो का? अर्पणाची पिशवी कोण मोजतं? निरोगी मंडळीत ती त्याच दिवशी, एकमेकांचे नातेवाईक नसलेले निदान दोघं मोजतात, वहीत सह्या करतात आणि वर्षातून एकदा हिशेब सगळ्यांसमोर वाचला जातो. पाळक स्वतः मोजत असतील तर ते प्रामाणिक असतीलही, पण त्यांनाच उद्या आळ घेणाऱ्यापासून वाचवायला कोणी उरणार नाही. लहान मुलांच्या वर्गात एकटा एक माणूस बंद दाराआड नसतो ना, हेही बघावं.

मंडळीत खरं शिरणं रविवारी होत नाही. ते बुधवारी किंवा शुक्रवारी कोणाच्या तरी घरी होतं, कॉटेज मीटिंगमध्ये. आठ ते पंधरा माणसं, दीड तास. दोन गाणी, थोड्या साक्षी, वीस मिनिटं वचन, मग अर्धा तास प्रार्थना, शेवटी चहा आणि पार्ले-जी. पंधराच्या वर गेले की शांत माणसं बोलायची थांबतात. तेव्हा गट फोडावा, जरी फोडताना सगळ्यांना वाईट वाटत असलं तरी. यजमानीणबाईंनी पोहे, शिरा असलं काही सुरू करू नये. पुढच्या घरी त्याहून जास्त करावं लागतं आणि तीन महिन्यांत गरीब घरं यादीतून आपोआप गळतात. साक्ष तीन मिनिटांची: आधी काय होतं, काय झालं, आता काय आहे. दुसऱ्याच्या घरातलं काही त्यात येऊ नये. 'प्रार्थनेचा विषय म्हणून सांगते हं, बाहेर बोलू नका' या वाक्याने सुरू होणारी मराठी चुगली जगात सगळ्यात सोवळी.

साखळी प्रार्थनेचं कागदावरचं गणित सोपं असतं: २४ तास, एकेक तासाचे २४ जण. प्रत्यक्षात ती रात्री एक ते चारमध्ये तुटते. म्हणून त्या तीन तासांना प्रत्येकी दोन जण लावावेत, आणि आपला तास संपल्यावर पुढच्याला मिस्ड कॉल द्यायची पद्धत ठेवावी. रात्रभराची सभा असेल तर दहानंतर स्पीकर बंद. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकावर कायद्याने निर्बंध आहेत. आणि कायदा नसता तरी शेजारच्या घरात परीक्षेला बसलेलं पोर आहेच.

सेवा मागायची तर माइक मागू नये. खुर्च्या मांडणं, चपला नीट लावणं, प्रोजेक्टरवर गाण्यांच्या ओळी वेळेवर सरकवणं, शब्बाथ शाळेत हजेरी घेणं. एक काम, तीन महिने, मग पाळकांशी बसून पुढचं. उत्साहात तीन कामं घेणारा सहा महिन्यांत सगळी सोडतो. गायकांसाठी एकच सूचना: आपल्या गळ्याला शोभणारी पट्टी मंडळीला झेपेलच असं नाही. अर्धा-एक सूर खाली उतरला तर मागच्या रांगेतल्या मावश्याही गातील. नाहीतर तुम्ही गाता आणि त्या बघतात. दर रविवारी एक तरी जुनं मराठी भजन असावं. नारायण वामन टिळकांनी अभंग-ओवीच्या चालीत ख्रिस्ताला आणलं तेव्हापासून ती शिदोरी आपली आहे, आणि हिंदी-इंग्रजी गाण्यांचा नुसता अनुवाद गाऊन ती सांडू नये.

दशमांश, म्हणजे मिळकतीचा दहावा हिस्सा, हाताखर्चाच्या उरलेल्या पैशांतून नव्हे, पगाराच्या दिवशीच वेगळ्या पाकिटात काढला तरच निघतो. पण ज्याच्यावर कर्ज आहे त्याने बचत गटाचा हप्ता चुकवून अर्पण देऊ नये, आणि अर्पणासाठी उसनं तर मुळीच घेऊ नये. 'बी पेरा, शंभरपट उगवेल' असं सांगून पैसे मागितले जातात तिथे मलाखीचं दशमांशाबद्दलचं एक वचन वाचतात. करिंथकरांस दुसऱ्या पत्रातलं, कोणी दडपणाखाली देऊ नये, हे वचन मात्र वाचत नाहीत.

बाप्तिस्मा पाण्यात बुडवून होतो, आणि त्याआधी सहा ते बारा आठवड्यांचे धडे असावेत. पाणी कंबरेच्या थोडं वर. हात छातीवर, एका हातात नाक धरायला रुमाल, गुडघे किंचित वाकवलेले. दोघं जण पाठीमागे टेकवून बुडवतात आणि लगेच वर घेतात. पांढरे पण जाड कपडे, कारण पातळ पांढरं ओलं झाल्यावर काय होतं हे दरवेळी कोणीतरी नव्याने शिकतं. पावसाळ्यात नदी टाळावी, टाकी बरी. आणि याचा कागदावरही परिणाम होतो: १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्धांपुरता आहे, ख्रिस्ती झाल्यावर तो राहत नाही. हे धड्यांमध्येच, पाण्यात उतरण्याआधी सांगितलं पाहिजे. नंतर कळलं तर माणसाला आपल्याला फसवल्यासारखं वाटतं, आणि त्याचं चुकतं असं म्हणता येत नाही.

घरात एकटीच विश्वासात आलेली सून असेल तर तिची खरी परीक्षा सणावारी होते. अशा वेळी वाद घालून काही साधत नाही. 'आई, मी पूजेला बसणार नाही, पण पंगतीला वाढायला मी आहे' एवढं वाक्य आधी, शांतपणे, सणाच्या आठवडाभर अगोदर सांगितलेलं बरं. आणि रविवारी दहाच्या उपासनेला निघायचं तर सकाळचा स्वयंपाक आटोपून निघावं. सासूबाई संदेश ऐकायला येत नाहीत. त्या ओटा बघतात.

लेवीयच्या त्याच सहाव्या अध्यायात, लाकडाच्या नियमाच्या आधी, आणखी एक नियम आहे. याजकाने सकाळी आधी रात्रीची राख उचलायची, वेदीशेजारी ठेवायची, मग कपडे बदलून ती छावणीबाहेर नेऊन टाकायची. चूल पेटवणाऱ्या कोणाही बाईला याचं कारण विचारावं लागणार नाही. दर तीन महिन्यांनी एका सकाळी ती पंधरा मिनिटं या कामाला द्यावीत. वहीतली जी मागणी पुरी झाली त्यांवर रेघ. जी आता मागावीशीच वाटत नाहीत त्यांवरही रेघ. ज्या सेवेत नुसतं नाव उरलंय ती पाळकांना सांगून सोडायची. उरलेली मागणी नव्या पानावर हाताने उतरवून घ्यायची, एकेक करून, वर नवी तारीख घालून.